सांता फेच्या गव्हर्नर वाड्याच्या ओसरीत विक्रीचा परवाना: पात्रता, कागदपत्रे, सोडत

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेच्या मुख्य चौकाला लागून ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ आहे. स्पॅनिश गव्हर्नरांसाठी १६१० च्या सुमारास मातीच्या कच्च्या विटांत उभा राहिलेला हा बैठा वाडा १९०९ मध्ये संग्रहालय झाला. आत जायला तिकीट पुरतं. बाहेरच्या लांब ओसरीत भिंतीला पाठ लावून दागिने किंवा मातीची भांडी विकायची असतील, तर मात्र संग्रहालयाच्या कारागीर योजनेत नाव लागतं.

पात्रतेची पहिली अट जमातीची. अर्जदार अमेरिकी सरकारची मान्यता असलेल्या मूळनिवासी जमातीचा नोंदणीकृत सदस्य हवा. पुएब्लो आणि नावाहो कारागीर इथे प्रामुख्याने दिसतात. आजी नावाहो होती, एवढ्यावर भागत नाही. जमातीच्या कार्यालयाचा सदस्यत्वाचा दाखला लागतो. (पाट्यांवरच्या ‘इंडियन’ शब्दाने आपल्यापैकी कुणी हुरळून जाऊ नये. भारतीय पासपोर्टचा इथे उपयोग नाही.) हे आरक्षण भेदभाव आहे, असा दावा बिगर-मूळनिवासी विक्रेत्यांनी कोर्टात केला होता. १९७९ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे न्यू मेक्सिको ज्या विभागात येतं तिथल्या, केंद्रीय अपील न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला.

दाखल्यासोबत फोटो ओळखपत्र जोडा. राज्याच्या विक्रीकराची नोंदणीही आधीच उरकून घ्या, कारण कर विक्रेत्यालाच भरायचा असतो.

खरी परीक्षा पुढे असते. माल स्वतः घडवला आहे हे करून दाखवावं लागतं: चांदी कापणं, डाग देऊन सांधणं, खडा बसवणं, सगळं. परवानगी त्या-त्या कलेपुरतीच मिळते. चांदीकामाची परवानगी असलेल्याने उद्या मडकी मांडली, तर ती उचलावी लागतात. आधी मातीकाम दाखवायचं, मग विकायचं. प्रत्येक नगावर कारागिराची नोंदवलेली खूण हवी. अंगठीच्या आतल्या बाजूला ठोकलेला तो बारीक ठसा घासून पुसट झाला किंवा नोंदीशी जुळला नाही, तर वस्तू चांगली असूनही अडकते. एकाच घरात राहणाऱ्यांचा माल चालतो. वेगळ्या घरात राहणाऱ्या चुलतभावाचा नाही, आणि गफलत बहुतेकदा इथेच होते.

मूळनिवासी नसलेल्याचा माल मूळनिवासींचा म्हणून खपवणं हा १९९० च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

नाव लागलं म्हणजे जागा पक्की झाली, असं नाही. कारागीर जास्त आणि ओसरी तेवढीच, म्हणून सकाळी सोडत निघते. पिशवीत हात घालून चकती काढायची. आकडा आला तर ती जागा त्या दिवसापुरती आपली, कोरी निघाली तर गाठोडं बांधून घरी. तिथे बसणारे जुने कारागीरही हीच चकती काढतात.