खुरासणी (कारळे)

सूर्यफुलाच्या कुलातील एक वर्षायू तेलबी. शास्त्रीय नाव ग्विझोशिया ॲबिसिनिका, कुल ॲस्टरेसी. घाटावर बहुतेक ठिकाणी तिला कारळे म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगरी तालुक्यांत खुरासणी. नावावरून ती इराणकडच्या खुरासान प्रांताची वाटते, पण तिचे मूळ इथिओपियाच्या पठारावर आहे. औषधांत येणारा खुरासनी ओवा ही निराळी आणि विषारी वनस्पती आहे. दोन्हींची गल्लत जिवावर बेतू शकते.

नागली-वरईच्या फेरपालटात वरकस, उताराच्या, हलक्या जमिनीवर खुरासणी टाकली जाते. खत-पाणी फारसे न मागता ती येते. पावसाळा सरताना डोंगरउतार पिवळे होतात ते बऱ्याचदा तिच्यामुळेच. तिचा मोठा शत्रू अमरवेल. हिरवी पाने नसलेली ही पिवळसर वेल खोडाला विळखा घालून रस शोषते आणि तिचे बी खुरासणीत मिसळून पुढच्या शेतात जाते. अमेरिकेत खुरासणी पाखरांचे खाद्य म्हणून जाते. तिथे ती उष्णतेची प्रक्रिया करूनच घेतात, ती या तणाच्या धास्तीने.

आपण फूल म्हणतो ते खरे तर स्तबक, म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ. कडेला साधारण आठ पिवळी किरण-पुष्पके, मध्ये चाळीस-साठ बिंब-पुष्पके. सूर्यफुलाची किरण-पुष्पके वांझ असतात, खुरासणीची मात्र मादी असून बी धरतात. ज्याला आपण बी म्हणतो तेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच: एकबीजी, सुके, आपोआप न तडकणारे कृत्स्नफळ. ते काळे, चकचकीत आणि जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर लांब असते. स्वतःच्याच परागाने खुरासणीत बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे मधमाश्या नसतील तर फुले उदंड आणि दाणे थोडे. फुलोऱ्यात कीटकनाशक मारणे म्हणजे आपलेच पीक कापणे.

100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने आणि 35 ते 40 ग्रॅम तेल असते.  खुरासणी सालासकट खाल्ली जाते. सालामुळे तिच्यात तंतू भरपूर येतात. तेलातील निम्म्याहून अधिक वाटा लिनोलिक या आवश्यक मेदाम्लाचा. ओमेगा-3 हे मेदाम्ल मात्र नगण्य, तेव्हा त्यासाठी खाल्ल्या जाणाऱ्या जवसाची जागा ती घेत नाही. प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. जेवणात उडीद किंवा कुळीद असला की ती उणीव भरून निघते.

हेच लिनोलिक आम्ल तेल लवकर खवट करते. म्हणून दाणे अख्खे साठवावेत, मंद आचेवर भाजावेत आणि लसूण, मिरची, मीठ घालून चटणी थोडी-थोडीच कुटावी. घाण्यावर तेल काढल्यावर उरणारी पेंड गुरांना घालतात.

इगतपुरीचे कृषी संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. ‘सह्याद्री’ (आयजीपी-76) आणि ‘फुले कारळा’ हे सुधारित वाण तिथलेच.