बोट, कान, पारा आणि काटा : कार्बोरेटर जुळवणीची पार्श्वभूमी

जुन्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलला चार व्हॅक्युम गेज लावून कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून सिलिंडरला देणारा भाग) जुळवताना पाहिलं की ही पद्धत गाडीच्याच वयाची असावी असं वाटतं. प्रत्यक्षात मोटरसायकलच्या इतिहासाचा बराचसा काळ हे काम बोटांनी आणि कानांनी होत होतं, आणि चांगलं होत होतं. गेज हाती घ्यावं लागलं ते कार्बोरेटरच्या आतलं डोळ्यांना दिसेनासं आणि बोटांना लागेनासं झालं तेव्हा.

मुळात जुळवायचं काय असतं? प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर असेल तर प्रत्येकात हवेची वाट अडवणारी स्वतःची स्लाइड किंवा झडप असते. आयडलिंगला, म्हणजे मूठ न पिळता इंजिन नुसतं चालू असताना, ही वाट जेमतेम उघडी असते, त्यामुळे एक स्लाइड दुसरीपेक्षा केसभर वर राहिली तरी त्या सिलिंडरला प्रमाणाबाहेर जास्त हवा मिळते. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा खांदा वर राहिला की हिसके सगळ्यांनाच बसतात, तसं काहीसं इंजिनात होतं. एक सिलिंडर ओढतो, बाकीचे फरफटत जातात. होंडाच्या जुन्या सीबी ७५० वर याचं ठरलेलं लक्षण म्हणजे आयडलिंगला क्लचच्या बाजूने येणारा खडखडाट. क्लच गेला समजून बाजूचं झाकण उघडणारे लोक आजही भेटतात. कार्बोरेटर जुळवले की तो आवाज बहुतेक वेळा निम्म्यावर येतो.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, स्लाइड ती अडवते, आणि दोघांच्या मधल्या जागेत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. हा दाबातला फरक म्हणजेच व्हॅक्युम. वाट जितकी बंद, तितका व्हॅक्युम जास्त. इंजिन निरोगी असेल आणि चारही ठिकाणी व्हॅक्युम सारखा असेल, तर चौघांना हवा सारखी मिळते असं धरायला हरकत नाही.

हे मोजायची साधनं मोटरसायकलपेक्षा फारच जुनी आहेत. १६४३ मध्ये इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगात पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि हवेच्या दाबाला मोजपट्टी मिळाली. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्रान्समधल्या प्वी द डोम डोंगरावर तीच नळी घेऊन चढला, आणि वर गेल्यावर पारा खाली येतो हे दिसलं. पुढे १८४९ मध्ये युजेन बूर्दों याने पॅरिसमध्ये वाकवलेल्या चपट्या नळीच्या गेजचं पेटंट घेतलं. दाब बदलला की ती नळी किंचित उलगडते किंवा आवळते आणि काटा फिरवते. ते गेज बनलं वाफेच्या इंजिनांसाठी. पाऱ्याची नळी आणि बूर्दोंचा डायल, ही दोन्ही साधनं तयारच होती. मोटरसायकलला त्यांची गरज पडायला मात्र शंभरहून जास्त वर्षं जावी लागली.

कारण सरळ आहे. सुरुवातीला जुळवायला दुसरा कार्बोरेटरच नव्हता. पेट्रोल फवारणारा आधुनिक धाटणीचा कार्बोरेटर १८९३ च्या आसपास आला. जर्मनीत मायबाख आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी तो स्वतंत्रपणे घडवला. त्यानंतर बराच काळ मोटरसायकली एकतर एका सिलिंडरच्या असत, किंवा दोन सिलिंडरांच्या मध्ये एकच कार्बोरेटर बसवून काम भागवलं जाई. १९३१ ची एरियल स्क्वेअर फोर तर चार सिलिंडरची, पण कार्बोरेटर एकच. दोन कार्बोरेटरांची मोठी गाडी म्हणून १९३६ च्या व्हिन्सेंट रॅपिडचं नाव घेता येईल. ट्रायम्फची स्पीड ट्विन १९३७ मध्ये आली तीही एकाच कार्बोरेटरवर. त्याच घराण्यातली ६५० सीसीची बोनेव्हिल १९५९ साठी बाजारात आली तेव्हा तिला दोन अमाल कार्बोरेटर होते. (अमाल ही कंपनी १९२७ मध्ये तीन कार्बोरेटरवाल्यांच्या विलीनीकरणातून बनली, आणि पुढची काही दशकं ब्रिटिश मोटरसायकल म्हटली की अमाल हे समीकरणच होतं.)

बोनेव्हिलला मुठीपासून एक केबल निघते आणि टाकीखाली तिच्या दोन होतात. अशा गाडीवर जुळवणीची रीत अगदी हातची होती. एअर फिल्टर काढायचे, दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडात एकेक बोट घालून स्लाइडला टेकवायचं आणि मूठ हळूहळू फिरवायची. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. कोणी बोटाऐवजी सारख्याच मापाचे दोन ड्रिल बिट स्लाइडखाली सरकवून उंची जमवत. आयडलिंगसाठी एका सिलिंडरची प्लगची वायर काढायची (मोकळी लोंबकळू न देता अर्थ करायची), इंजिन दुसऱ्या सिलिंडरवर चालवायचं, स्क्रू फिरवून ते कसंबसं तग धरेल असं करायचं. मग तेच दुसऱ्या बाजूला. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनांवर ही पद्धत फार चालली, कारण तिथे दोन सिलिंडर दोन बाजूंना आणि मध्ये भरपूर जागा. मोटारींचे मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फुत्कार ऐकत. सरावलेल्या कानाला दोन फुत्कारांतला फरक चांगला कळतो. ही माणसं अडाणीपणाने काम करत होती असं आज कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही. दोन कार्बोरेटरांसाठी बोट आणि कान पुरेसे होते.

हे गणित जपानने बदललं. होंडाने ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात सीबी ७५० मांडली आणि १९६९ मध्ये ती विकायला आणली. ७३६ सीसी, आडवे एका रांगेत चार सिलिंडर, २८ मिलिमीटरचे चार केहिन कार्बोरेटर. पहिल्या गाड्यांवर एका केबलच्या चार केबल होत आणि प्रत्येक स्लाइड आपापल्या केबलने उचलली जाई. चार केबल म्हणजे ताण कमीजास्त व्हायच्या चार जागा. १९७० च्या के१ मॉडेलपासून होंडाने ती रचना सोडली आणि चारही स्लाइड उचलणारा एकच दांडा दिला. त्याने केबलची कटकट गेली, पण जुळवणी गेली नाही. प्रत्येक स्लाइडचा स्क्रू वेगळाच राहिला. १९७२ ची कावासाकी झेड१ चार मिकुनी कार्बोरेटर घेऊन आली, आणि १९७८ च्या होंडा सीबीएक्सने सहा कार्बोरेटरांपर्यंत मजल मारली. सहा तोंडांत घालायला बोटं कोणाची पुरणार, आणि एअर बॉक्स व फ्रेमच्या बेचक्यात हात तरी कुठून शिरणार?

जागेची अडचण एक वेळ सोसली असती. खरी अडचण सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटरने केली. १९६५ च्या होंडा सीबी ४५० पासून ही जात मोटरसायकलवर दिसू लागली. यात मूठ फिरवल्यावर स्लाइड हलत नाही. हलते ती मागची चपटी झडप. स्लाइड वर उचलते ती इंजिनाच्या ओढीने, मागाहून, स्वतःच्या हिशेबाने. म्हणजे तोंडातून बोट घालून जे हाताला लागतं त्याचा आयडलिंगशी संबंध नाही, आणि ज्या झडपेचा संबंध आहे ती स्लाइडच्या आड लपलेली. जुन्या मिस्त्रीचं निम्मं कसब एका रचनेने निकामी झालं. उरला फक्त झडपेच्या पलीकडचा व्हॅक्युम, आणि तो मोजायला इनटेकच्या वाटेवर कंपन्यांनी छोटी भोकं ठेवायला सुरुवात केली. एरवी ती ५ किंवा ६ मिलिमीटरच्या स्क्रूने किंवा रबरी टोपीने बंद असतात.

मोटारीच्या व्हॅक्युम गेजची सवय असलेल्यांना मोटरसायकलने सुरुवातीला चकवलं असणार. मोटारीत चार सिलिंडर मिळून एकाच मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवेच्या सामायिक नळीतून, ओढतात, त्यामुळे काटा बऱ्यापैकी स्थिर राहतो. इथे प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी. आयडलिंग १,००० फेऱ्यांवर असेल तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा हवा ओढण्याचा झटका मिनिटाला ५००, म्हणजे सेकंदाला आठ वेळा येतो. गेज थेट जोडलं तर काटा नुसता थडथडतो, त्याचा पट्टाच दिसतो. म्हणून नळीत बारीक छिद्राची अडचण किंवा चिमट्यासारखा छोटा व्हॉल्व्ह घालतात. तो इतकाच बंद करायचा की काटा किंचित थरथरत राहील. पूर्ण स्थिर केला तर तो बदल दाखवायला उशीर लावतो आणि आपण स्क्रू गरजेपेक्षा जास्त फिरवून बसतो.

चारही गेज आधी एकाच सिलिंडरवर आळीपाळीने लावून पाहावीत, हा नियमही इथूनच आला. स्वस्त डायल एकमेकांशी खोटं बोलतात. एक गेज पाऱ्याचे २०० मिलिमीटर दाखवतं तिथेच दुसरं २१५ दाखवत असेल, तर तो फरक कार्बोरेटरच्या माथी मारून चालत नाही. आकडा स्वतः फारसा महत्त्वाचा नाहीच. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. मुंबईत घेतलेला आकडा तिथे जुळणार नाही. मुंबईत चारही काटे सारखे केले असतील तर महाबळेश्वरलाही ते सारखेच राहायला हवेत.

एकमेकांशी खोटं न बोलणारं साधन पाऱ्याचं. एकाच कुंडातून वर जाणाऱ्या चार काचेच्या नळ्या, चार स्तंभ शेजारी शेजारी. कमीजास्त असेल ते नजरेला लगेच दिसतं. गॅरेजवाल्यांना ही पट्टी मनापासून आवडली. तिचा दोषही तितकाच दांडगा. चढवलेलं इंजिन एकदम सोडलं की व्हॅक्युम उसळतो, आणि पारा नळी चढून थेट इंजिनात शिरू शकतो. तिथे गरम होऊन त्याची वाफ सायलेन्सरमधून बाहेर, म्हणजे मिस्त्रीच्या नाकात. वर पारा ॲल्युमिनियमला खातो ते वेगळंच. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीचा २०१३ चा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी लागू झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि पाऱ्याच्या मॅनोमीटरांचं (अशा दाबमापक नळ्यांचं) उत्पादन २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. बाजारात आता स्टीलच्या कांड्यांची, डायलची आणि इलेक्ट्रॉनिक साधनं आहेत. हौशी लोकांनी मात्र सगळ्यांत स्वस्त उपाय शोधला : पारदर्शक नळीचा यू, त्यात टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, दोन टोकं दोन कार्बोरेटरांना. पारा तेलापेक्षा सुमारे १५ पट जड, म्हणून पाऱ्यात १ मिलिमीटरचा फरक तेलात १५ मिलिमीटरचा दिसतो. बारकाव्याच्या बाबतीत या घरगुती नळीपुढे महागडा डायल फिका पडतो. तेल ओढलं गेलंच तर थोडा धूर निघतो, एवढंच.

आपल्याकडच्या गॅरेजांत हे प्रकरण उशिरा पोचलं, आणि तेही अर्धवट. बुलेट, राजदूत १७५, येझदी, चेतक : रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना कार्बोरेटर एकच. इथलं ट्युनिंग म्हणजे एअर स्क्रू, आयडलिंगचा स्क्रू आणि मिस्त्रीचा कान. दोन कार्बोरेटरांची नावाजलेली देशी गाडी एकच, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५०, म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. पण ती टू-स्ट्रोक. तिचा इनटेकचा व्हॅक्युम क्षीण आणि उड्या मारणारा, त्यामुळे तिथे गेजचा फारसा उपयोग होत नाही. पुण्या-मुंबईत त्या गाड्या जपणारे लोक आजही ड्रिल बिट आणि बोटानेच स्लाइड जमवतात, आणि ऑइल पंपाच्या केबलची खूणही त्याच वेळी तपासतात, कारण मूठ फिरते तेव्हा पंपही त्याच केबलने हलतो.

पुढे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. १९८० ची कावासाकी झेड१०००एच आणि १९८३ ची बीएमडब्ल्यू के१०० ही त्याची सुरुवातीची उदाहरणं. भारतात १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळपास गेलाच. इंजेक्शनच्या गाडीतही थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेले भाग) एकापेक्षा जास्त असतील तर त्याही व्हॅक्युम पाहूनच जुळवाव्या लागतात, त्यामुळे गेज अडगळीत गेलं नाही.

जुन्या गाड्यांवर तर त्याचं काम वाढलंय. पन्नास वर्षांच्या होंडा-कावासाकीचे इनटेकचे रबर कडक होऊन चिरलेले असतात, झडपेचा दांडा झिजून बाजूने हवा ओढत असतो. स्क्रू फिरवूनही एखादा काटा वर चढायला तयार नसेल, तर आधी त्या रबराभोवती थोडा कार्ब क्लीनर फवारून पाहतात (गरम सायलेन्सरपासून लांब). आवाज बदलला की गळती तिथेच. काटा ठरावीक तालात खाली गचका खात असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासायचे, बहुधा एखादा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतो. म्हणून जाणकार मिस्त्री आधी टॅपेट, मग प्लग आणि टायमिंग पाहतो आणि कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यांत शेवटी लावतो.