'स्टेअरवे टू हेवन' आणि रॉबर्ट प्लँट: एका जुन्या नकाराची पार्श्वभूमी

१४ मे १९८८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या चाळिशीचा सोहळा रंगला होता आणि शेवटचा मान लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा होता. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बासवादक जॉन पॉल जोन्स हे तिघे जुने, आणि ड्रमवर दिवंगत ड्रमवादक जॉन बॉनमचा मुलगा जेसन. रंगमंचावर जायची वेळ जवळ आली तरी पेज आणि प्लँटमधला वाद मिटला नव्हता. वाद एकाच गोष्टीचा होता: 'स्टेअरवे टू हेवन' हे बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं गायचं की नाही. प्लँट शेवटच्या क्षणी कबूल झाला आणि गाणं झालं. त्याच वर्षी एका मुलाखतीत तो म्हणाला होता की, हे गाणं दर कार्यक्रमात गायची वेळ आली तर माझ्या अंगावर पित्त उठेल.

हा राग गाण्यावरचा आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गाण्याची रचना उत्तम आहे हे प्लँट आजवर सांगत आला आहे, आणि त्याचं श्रेय तो पेजला देतो. अडचण त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या भागाची, म्हणजे शब्दांची आहे. ती समजायला गाणं कसं बांधलं गेलं तिथपासून सुरुवात करावी लागते.

१९७० साली पेज आणि प्लँट वेल्समधल्या ब्रॉन-इर-ऑर या कॉटेजमध्ये जाऊन राहिले होते. तिथे वीज नव्हती. त्याच वर्षी पेजकडे एका लांबलचक रचनेचे तुकडे जमत गेले. वर्षअखेरीस लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या आयलंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. शब्द मात्र हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या, थंडगार घरात आले. पेज शेकोटीजवळ बसून सुरावट छेडत होता, प्लँट कागद-पेन्सिल घेऊन बसला होता, आणि बघता बघता बहुतेक ओळी कागदावर उतरल्या. तेव्हा प्लँट २२ वर्षांचा होता. केल्टिक दंतकथा, जंगलं, प्राचीन समजुती यांचं त्याचं वाचन जोरात होतं आणि ते सगळं त्या ओळींत आलं. सगळं काही विकत घेता येतं असं मानणारी एक बाई गाण्याच्या सुरुवातीला येते, आणि मग प्रतिमांमागून प्रतिमा येत राहतात. अर्थ धूसरच राहतो.

रचनेकडे जरा जवळून पाहू. गाणं ए मायनरमध्ये आहे. सुरुवातीला पेज बोटांनी तारा छेडतो. चौथ्या तारेवर सातव्या पडद्यापासून (फ्रेटपासून) एकेक पडदा खाली येत ए, जी शार्प, जी, एफ शार्प, एफ असे स्वर उतरतात. त्याच वेळी सर्वांत बारीक तारेवर ए, बी, सी असे स्वर वर चढतात आणि चौथ्या पायरीला तिथेही एफ शार्प लागतो. एक रेघ खाली जाते, दुसरी वर जाते, आणि दोन्ही एकाच हातात असतात. शिकणाऱ्याची चूक बहुतेक वेळा खालच्या रेघेत होते. वरचा स्वर गाठायच्या नादात चौथ्या तारेवरचं बोट सुटतं, खालचा स्वर मध्येच मरतो, आणि उतरती रेघ ऐकूच येत नाही. ती ऐकू आली नाही तर उरतो फक्त साधा आर्पेजिओ, म्हणजे एकेक करून छेडलेले कॉर्डचे स्वर.

गिटारच्या जोडीला जोन्सने वाजवलेल्या रेकॉर्डर जातीच्या लाकडी बासऱ्या आहेत, एकावर एक चढवलेल्या. मग बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार येते. ड्रम सव्वाचार मिनिटं उलटल्यावर येतात. सोलो सहाव्या मिनिटाच्या सुमारास सुरू होतो. तो गिटारवादक जेफ बेकने दिलेल्या जुन्या टेलिकास्टर गिटारवर वाजवलेला आहे. पेजने वेगवेगळे सोलो वाजवले आणि त्यांतला एक निवडला. शेवटी ए मायनर, जी, एफ या तीन कॉर्डवर गायकाचा आवाज एकदम तारसप्तकात उडी मारतो, आणि मग सगळी वाद्यं थांबतात. शेवटची ओळ तो एकटाच म्हणतो. एकूण आठ मिनिटं दोन सेकंद.

या आठ मिनिटांत ध्रुवपद नाही. लय हळूहळू चढत जाते, विलंबितातून द्रुतात जावी तशी. साठच्या दशकात पेज आणि जोन्स दोघेही लंडनच्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांना साथ करत. तिथे पहिला नियम असा की लय पळता कामा नये. पेजने हा नियम इथे मुद्दाम मोडला. म्हणूनच या गाण्यातला कुठलाही तुकडा काढून दुसरीकडे बसवता येत नाही. मधला भाग आधी घेतला की चढण मोडते, शेवट वगळला की सुरुवातीला अर्थ राहत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

गाणं पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते ५ मार्च १९७१ रोजी, बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये. तबकडी बाजारात यायला अजून आठ महिने होते. श्रोते कंटाळले होते, ओळखीचं काहीतरी वाजवा म्हणून वाट पाहत होते, अशी जोन्सची आठवण आहे. बिननावाची ती चौथी तबकडी ८ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली. गाणं सुटं विकायला बँडने नकार दिला, त्यामुळे ज्याला ते घरी हवं त्याला अख्खी तबकडी घ्यावी लागे. अमेरिकेतल्या एफएम केंद्रांनी ते अहोरात्र वाजवलं. तिथे या तबकडीच्या प्रमाणित विक्रीचा आकडा २ कोटी ३० लाखांच्या पलीकडे गेला.

आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या तबकडीच्या आतल्या पाकिटावर फक्त याच गाण्याचे शब्द छापलेले होते. बाकीच्या सात गाण्यांचे नव्हते. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराने शेकोटीशेजारी भराभर लिहिलेल्या ओळी ठसठशीत अक्षरांत लाखो घरांत पोहोचल्या, लोकांनी त्या पाठ केल्या, त्यांचे अर्थ लावायला घेतले. त्यानंतर गायकाला त्यातला एकही शब्द बदलायची मुभा उरली नाही.

रंगमंचावर हे गाणं उभं करायचं म्हणजे पेजला दोन गिटारी हव्यात आणि मध्ये बदलायला वेळ नाही. म्हणून त्याने गिब्सनची ईडीएस-१२७५ ही दुमानी गिटार आणली. वरची मान बारा तारांची, खालची सहा तारांची. सुरुवात खालच्या मानेवर, मग खटका फिरवून बारा तारांवर, आणि सोलोसाठी पुन्हा खाली. गिटार जड, बारा तारा सुरात ठेवणं कटकटीचं, आणि खटका चुकीच्या बाजूला राहिला तर ऐन वेळी आवाजच येत नाही. बासऱ्यांच्या जागी जोन्स मेलोट्रॉन वाजवी. पेटीसारख्या पट्ट्यांच्या त्या वाद्यात प्रत्येक स्वराच्या पट्टीमागे ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंदांत संपतो, त्यामुळे स्वर धरून ठेवायलाही मर्यादा. हवेतली आर्द्रता किंवा विजेचा दाब बदलला की मेलोट्रॉनचा सूर हलतो. सोलोच्या आधी बारा तारांवर येणाऱ्या ललकारीत मात्रा सरळ पडत नाहीत. ड्रमवाला समेवर यायला तिथेच चुकतो.

एवढ्या अडचणींतही तिघा वादकांना मोकळीक होती. पेज रोज नवा सोलो वाजवी, हवा तेवढा लांबवी. बॉनम भराव बदले. गाणं दहा मिनिटांच्या पुढे जाई. गायक मात्र छापील शब्दांना बांधलेला. प्लँटने त्यातही वाट काढली होती. ओळींच्या मधल्या जागेत तो काहीबाही बोले. १९७३च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या चित्रीकरणात तो गाता गाता श्रोत्यांना विचारतो, हसणं कुणाच्या लक्षात आहे का? चाहत्यांनी तेही पाठ करून टाकलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत गाण्याने कार्यक्रमात भैरवीची जागा घेतली होती. आपल्याकडे भैरवी झाली की लोक उठतात, गायक सुटतो. इथे ती रोज तीच, त्याच शब्दांची.

दरम्यान गायकाचं आयुष्य बदलत होतं. ऑगस्ट १९७५मध्ये ऱ्होड्स बेटावर मोटार अपघातात तो गंभीर जखमी झाला. जुलै १९७७मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात असताना पाच वर्षांचा मुलगा गेल्याची बातमी आली आणि दौरा तिथेच थांबला. ७ जुलै १९८० रोजी बर्लिनमध्ये मूळ चौघांनी 'स्टेअरवे' शेवटचं वाजवलं. २५ सप्टेंबरला बॉनम गेला, बँड संपला. तिशी ओलांडलेल्या प्लँटला बाविशीतल्या त्या आशावादी, धूसर ओळी आपल्या वाटेनाशा झाल्या असतील तर त्यात नवल काही नाही. आपण आता तसं अमूर्त लिहिणार नाही आणि त्या शब्दांशी आपलं नातं उरलेलं नाही, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं.

पेजचं नेमकं उलट. हे गाणं बँडचं सगळं सार आहे असं तो मानतो. १९८३मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरच्या संशोधनासाठी झालेल्या एआरएमएसच्या मदत-कार्यक्रमांत त्याने ते केवळ वाद्यांवर सादर केलं, गायकाविना. कुठल्याही दुसऱ्या गायकाला ते न देण्याचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

१३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांसाठीचा मदत-कार्यक्रम झाला. तालीम अपुरी होती. प्लँटचा घसा बसलेला, पेजची गिटार सुरात नाही, दोन ड्रमवाले टोनी थॉम्प्सन आणि त्याच दिवशी कॉन्कॉर्ड विमानाने लंडनहून आलेला फिल कॉलिन्स. तीन गाण्यांतलं शेवटचं 'स्टेअरवे' होतं. २००४मध्ये लाइव्ह एडच्या डीव्हीडी निघाल्या तेव्हा बँडने आपला भाग त्यांत घालू दिला नाही. प्लँटच्या मनातली अढी १९८८मध्ये दिसली, तिला हा प्रसंगही कारण असणार.

प्लँट जुनी गाणी टाळतो असा एक समज आहे, तोही चुकीचा. अमेरिकी गायिका ॲलिसन क्रॉसबरोबर त्याने झेपलिनचं 'ब्लॅक डॉग' पार बदलून, बँजोच्या साथीने गायलं. झेपलिनची कितीतरी गाणी त्याने आफ्रिकी वाद्यांवर, वेगळ्या ठेक्यांत नव्याने मांडली. ही खोड जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. ऑक्टोबर १९७२मध्ये जपानचा दौरा आटोपून पेज आणि प्लँट मुंबईत उतरले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले, आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. 'फोर स्टिक्स' हे 'स्टेअरवे'च्याच तबकडीतलं. बॉनम ते हातात चार काठ्या धरून वाजवायचा, म्हणून ते नाव. मुंबईत त्याला तबल्याची साथ मिळाली, आणि २०१५मध्ये झेपलिनच्या 'कोडा' या तबकडीच्या नव्या आवृत्तीत ते 'फोर हँड्स' या नावाने बाहेर आलं. जे गाणं एका ठेक्यावर उभं असतं ते असं दुसऱ्या मातीत रुजतं. 'स्टेअरवे' रुजत नाही, कारण त्याचा सगळा डोलारा त्या एका अखंड चढणीवर आहे. बदलून गाणं हा प्लँटचा नेहमीचा मार्ग इथेच बंद होतो. मग उरतात दोनच पर्याय: आहे तसं गाणं, किंवा न गाणं.

१९९४मध्ये पेज आणि प्लँट पुन्हा एकत्र आले, इजिप्तचे आणि मोरोक्कोचे वादक जोडीला घेतले, जुनी गाणी नव्याने बांधली. त्यांत 'स्टेअरवे' नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये गाडी चालवताना प्लँटने पोर्टलँडच्या केबीओओ या लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रावर ऐकलं की, देणगी द्या, आम्ही 'स्टेअरवे' कधीच वाजवणार नाही. त्याने फोन करून देणगी दिली. गाणं आवडत नाही असं नाही, ते आधी ऐकलेलं आहे, हे त्याचं स्पष्टीकरण.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात अटलांटिकचे सहसंस्थापक अहमेत एर्टेगन यांच्या स्मरणार्थ झेपलिन एकदाच उभं राहिलं. त्या एका रात्रीच्या तिकिटांसाठी जवळपास २ कोटी अर्ज आले. सोळा गाण्यांत 'स्टेअरवे' अकरावं होतं. भैरवीची जागा काढून घेतली होती. ५९ वर्षांच्या प्लँटने ते शांतपणे, आरडाओरड न करता गायलं, आणि संपल्यावर एवढंच म्हणाला की, अहमेत, आपण करून दाखवलं.

२ डिसेंबर २०१२ रोजी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये बँडचा सत्कार झाला. हार्ट बँडच्या ॲन आणि नॅन्सी विल्सन भगिनींनी 'स्टेअरवे' घेतलं, ड्रमवर जेसन होता. शेवटच्या भागात मागचा पडदा सरकला आणि बॉनमच्या आठवणीखातर गोल टोप्या घातलेला समूह गाऊ लागला. सज्जात बसलेल्या प्लँटचे डोळे भरून आले होते. शब्द दुसऱ्याच्या तोंडी असताना त्याला गाणं ऐकता आलं, असं ते दृश्य पाहताना जाणवतं.

मग कोर्ट. स्पिरिट बँडच्या १९६८च्या 'टॉरस' या वाद्यरचनेतून सुरुवात उचलल्याचा दावा २०१४मध्ये दाखल झाला. जून २०१६मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात प्लँटने साक्ष दिली आणि हेडली ग्रेंजची ती संध्याकाळ शपथेवर सांगितली. वाद त्याच उतरत्या रेघेचा होता. तशी रेघ शतकानुशतकं संगीतात वापरली जाते, हा बचाव ज्यूरीला पटला. अपिलात निकाल एकदा उलटला, ९ मार्च २०२० रोजी पूर्ण पीठाने तो झेपलिनच्या बाजूने कायम केला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. जे गाणं तो गात नव्हता, त्याच्यासाठी त्याला साक्षीला उभं राहावं लागलं.

ओटूनंतर सोळा वर्षं ते त्याच्या तोंडी आलं नाही. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑक्सफर्डशरमधल्या सोहो फार्महाऊस इथे ड्युरॅन ड्युरॅनचा माजी गिटारवादक अँडी टेलर याने कर्करोग-निधीसाठी छोटा कार्यक्रम ठेवला होता. एका देणगीदाराने कळवलं की, प्लँट 'स्टेअरवे' गाणार असेल तर सहा आकडी रक्कम देतो. ७५ वर्षांचा प्लँट उभा राहिला. आवाज बेताचा ठेवून, शब्द न गाळता, शेवटच्या एकट्या ओळीपर्यंत त्याने ते गायलं.