मॅचसाठी वाशीत मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी : स्टेडियमला जायचं कसं, परत यायचं कसं

नमस्कार मंडळी,

नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठी मॅच असली की सातारा, नाशिक, रत्नागिरीपासून पाहुणे आमच्या लॉजवर उतरतात. लॉज वाशीत, सेक्टर १७ मध्ये. स्टेडियम इथून लोकलने तिसऱ्या स्टेशनवर. एरवी हा प्रवास अगदी किरकोळ आहे. मॅचच्या दिवशी मात्र नवख्या माणसाची तारांबळ उडते, आणि ती जाताना कमी, परतताना जास्त. जाताना लोक दुपारपासून थोडे थोडे पोहोचतात. सुटताना हजारो माणसं एकाच घटकेला रस्त्यावर येतात, तीही रात्री. म्हणून खोलीची चावी देतानाच आम्ही विचारतो : परत कसे येणार आहात? ते आधी ठरवा, मग मॅच निर्धास्तपणे बघता येते.

लॉजवर पोहोचताना

पुणे, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्या एसटी आणि खासगी बस सायन-पनवेल हायवेने येतात. कळंबोली, खारघर, बेलापूर, नेरुळ असे थांबे घेत त्या वाशीला पोहोचतात. आमच्यासाठी वाशी हायवेला उतरा. मॅच त्याच दिवशी असेल तर दुपारच्या आत पोहोचाल अशा बेताने निघा. संध्याकाळी उरण फाट्यापासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

नाशिककडच्या मंडळींनी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गाची वाशी लोकल धरावी. वाशी हे तिचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सामान घेऊन निवांत उतरता येतं. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना पनवेल सोयीचं. तिथून सीएसएमटीकडे (मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे) जाणारी हार्बर लोकल वाशीला आणते. दादरला उतरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : दादरवरून हार्बरची गाडी जात नाही. मध्य रेल्वेच्या लोकलने कुर्ल्याला या आणि तिथे हार्बरच्या फलाटावर जाऊन वाशी, बेलापूर किंवा पनवेल यांपैकी मिळेल ती गाडी पकडा. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद, असू शकतो. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. शनिवारी फोन केलात तर कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते आम्ही सांगू.

गाडी कुठली धरायची

पाहुण्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हे जरा सविस्तर.

वाशीहून नेरुळला जाताना पनवेल किंवा बेलापूर लोकल घ्या. सानपाडा, जुईनगर आणि मग नेरुळ. वाशी स्टेशनवर ठाण्याच्या गाड्याही सुटतात. त्या सानपाड्यानंतर तुर्भ्याकडे वळतात, नेरुळला जात नाहीत.

परतताना नीट बघा. नेरुळला सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाड्या असतात, ठाण्याच्या असतात, उरणच्याही असतात. आपल्याला सीएसएमटीची किंवा वाशीमार्गे त्या बाजूला जाणारी कुठलीही गाडी चालते. ठाण्याची गाडी जुईनगरनंतर थेट तुर्भ्याला जाते, सानपाडा आणि वाशी तिच्या वाटेवर नाहीत. गर्दीच्या रेट्यात चुकून तिच्यात चढलात तर घाबरू नका, जुईनगरला उतरा आणि मागची सीएसएमटी गाडी धरा. उरणची गाडी मात्र उलट्या दिशेला नेते. आजूबाजूचे लोक धावताहेत म्हणून आपण धावू नये. आधी इंडिकेटर वाचावा, मग पाऊल उचलावं.

डब्यांचंही सांगून ठेवतो. दाराशेजारी लाल-पिवळे तिरके पट्टे असलेला डबा फर्स्ट क्लासचा. साधं तिकीट घेऊन त्यात चढलात तर दंड भरावा लागतो. दिव्यांग, कर्करुग्ण आणि गरोदर बायांसाठी वेगळा डबा असतो, तो त्यांच्यासाठीच राहू द्या. आयाबहिणींनी रात्री महिला डब्यात बसायचं ठरवलं, तर कुठल्या फलाटावर उतरून कुठे भेटायचं हे पुरुषमंडळींशी आधीच बोलून घ्यावं.

तिकीट जाण्या-येण्याचं एकदमच काढा. मॅच सुटल्यावर नेरुळच्या खिडकीसमोरची रांग बघूनच धडकी भरते. मोबाइलवर पेपरलेस तिकीट काढणार असाल तर लॉजवरूनच काढून निघा. स्टेशनच्या आवारात शिरल्यावर ते तसं निघत नाही.

नेरुळ स्टेशन ते स्टेडियम

स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडा. स्टेडियम सायन-पनवेल हायवेला लागून, नेरुळ सेक्टर ७ मध्ये आहे. चालत साधारण वीस-पंचवीस मिनिटं. मॅचच्या दिवशी आम्ही चालायलाच सांगतो, कारण रस्ते बंद असले की रिक्षा तुम्हाला मधेच कुठेतरी सोडते आणि उरलेलं अंतर चालावंच लागतं. सोबत वयस्कर माणूस असेल तर रिक्षा जरूर करा, पण लवकर निघा. मीटरचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे.

पत्ता सांगताना उपनगराचं नाव आधी घ्या. नवी मुंबईत प्रत्येक नोडला, म्हणजे उपनगराला, सेक्टरचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात. सेक्टर ७ वाशीत आहे आणि नेरुळमध्येही आहे. नुसतं ‘सेक्टर सात’ म्हणालात तर रिक्षावाला तुम्हाला भलतीकडे नेऊन सोडेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. ‘डी. वाय. पाटील’ एवढंच सांगूनही भागत नाही. त्याच नावाचं हॉस्पिटल आणि कॉलेज तिथे आहे. ‘स्टेडियम’ हा शब्द सोडू नका आणि तिकिटावरचा गेट नंबर सांगा.

आपली गाडी घेऊन जाऊ नका, ही आमची कळकळीची विनंती. पोलीस त्या दिवसासाठी वाहतूक वळवतात, आसपास पार्किंग बंद ठेवतात. गाडी लॉजच्या आवारात राहू द्या. जागा थोडी आहे, म्हणून बुकिंग करतानाच कळवा.

बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक यांसारख्या वस्तू बहुतेक वेळा आत नेऊ देत नाहीत. तिकिटावरची यादी वाचा आणि जास्तीचं सामान खोलीतच ठेवा.

मॅच सुटल्यावर

आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते आणि संपता संपता अकरा वाजून जातात. पावसाने खोडा घातला तर किती उशीर होईल सांगता येत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला याच मैदानावर महिला विश्वचषकाची अंतिम लढत पावसामुळे दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाली. हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेऊन भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. अशा रात्री शेवटच्या चेंडूआधी कुणीही उठू नये, असंच आमचं मत आहे. म्हणून शेवटच्या लोकलची वेळ निघण्यापूर्वीच आमच्या काउंटरवर विचारून घ्या आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही, बॅटरीही दगा देते. लॉजचं कार्ड सगळ्यांच्या खिशात असू द्या, लहान मुलांच्याही.

वेळ हाताशी असेल तर पहिल्या लोंढ्यात शिरू नका. वीसेक मिनिटं थांबा, गर्दी पांगू द्या. नेरुळच्या फलाटावर जिन्यापाशीच घोळका करून उभं राहण्यापेक्षा टोकापर्यंत चालत जा, तिथल्या डब्यात निदान उभं राहायला जागा होते. जुईनगरला चालत जाऊन गाडी धरण्याचा सल्ला काहीजण देतात. आम्ही तो देत नाही, कारण आपल्या दिशेची गाडी नेरुळला भरूनच तिथे पोहोचते.

लोकल चुकलीच, तर स्टेडियमच्या दारात उभं राहून कॅब बुक करत बसू नका. तिथपर्यंत गाडी येऊ शकत नाही आणि भाडंही चढलेलं असतं. नेरुळ स्टेशनच्या बाजूला चालत या आणि तिथून रिक्षा बघा. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरवर पाव पट जादा भाडं द्यावं लागतं, तो नियमच आहे. तेही जमलं नाही तर आम्हाला फोन करा, ओळखीच्या रिक्षावाल्याला पाठवायचा प्रयत्न करू. त्याला पोहोचायला वेळ लागेल, तेवढा धीर धरा.

मॅचच्या रात्री काउंटरवर माणूस जागा असतो. जेवायचं असेल तर दुपारी सांगून जा, पिठलं-भाकरी किंवा वरण-भात झाकून ठेवू. दुसऱ्या दिवशी खोली सोडायची वेळ दुपारी बाराची आहे. रात्री फार उशीर झाला असेल तर सकाळी सांगा, मागे बुकिंग नसेल तर दोन तास वाढवून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.