छातीतली डंबेल गाठ : आधी कणा की आधी छाती?

छातीत नसांच्या गाठी होतात हेच अनेकांना ठाऊक नसतं. त्यातल्या काही छातीत आणि कण्याच्या आत अशा दोन्हीकडे वाढतात, त्याच डंबेल गाठी. दोन फुप्फुसांच्या मध्ये, मागच्या बाजूला, कण्याला लागून मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसा आणि सिंपथेटिक साखळी (आपोआप चालणाऱ्या शारीरिक क्रियांवर ताबा ठेवणाऱ्या नसांची माळ) असते. या गाठी बहुतेक तिथेच उगवतात. मोठ्या माणसांत त्यातल्या बहुसंख्य साध्या असतात, कर्करोगाच्या नसतात. वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाहीत, आणि दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेवर एक गोल, कडा स्वच्छ असलेली सावली दिसते. आपल्याकडे छातीत सावली म्हटलं की पहिला संशय क्षयाचा. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये ती सावली पार मागे, मणक्याला चिकटून दिसली, की डॉक्टर वेगळा विचार करू लागतात.

नसांवर गाठी येतात हे माहीत होऊन बराच काळ लोटला आहे. डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथने 1849 मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ काढला. 1882 मध्ये फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेनने अंगभर गाठी येणाऱ्या आजाराचं वर्णन केलं, त्याला आज न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात. 1910 च्या सुमारास प्राग इथे काम करणाऱ्या, मूळच्या उरुग्वेच्या होसे व्हेरोकायने नसेच्या आवरणातून उगवणारी गाठ वेगळी काढून दाखवली. तिलाच पुढे श्वानोमा हे नाव रूढ झालं. 1910 मध्येच जेम्स होमर राइटने लहान मुलांतल्या नसांच्या कर्करोगाला न्यूरोब्लास्टोमा हे नाव दिलं. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ ओळखायची विद्या आली होती, पण छाती उघडून ती काढायची सोय नव्हती.

अडचण फुप्फुसाची होती. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस आकसून जातं. सर्जन फर्डिनांड झाउअरब्रुखने 1904 मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउला यावर जो तोडगा काढला तो आज वाचताना हसू येतं: कमी दाबाची एक खोली, तिच्यात रुग्णाचं धड आणि शस्त्रक्रिया करणारी मंडळी, आणि रुग्णाचं डोकं खोलीबाहेर! पुढे श्वासनलिकेत नळी घालून हवा द्यायची पद्धत आली आणि त्या खोलीची गरजच उरली नाही. मग छातीतल्या गाठी काढता येऊ लागल्या.

इथेच खरा धोका लपलेला होता. यातल्या काही गाठी फक्त छातीत नसतात. नस जिथून कण्याबाहेर पडते त्या अरुंद भोकातून गाठीचा एक भाग आत, मज्जारज्जूशेजारी, वाढलेला असतो. आत एक गोळा, बाहेर एक, मध्ये बारीक मान, म्हणून हिला डंबेल गाठ म्हणतात. छातीतल्या नसांच्या गाठींपैकी सुमारे दहा टक्के अशा असतात. सर्जनने छातीकडून हात घातला आणि मान ओढली गेली, तर आत रक्तस्राव होऊन मज्जारज्जू दाबला जातो. रुग्ण गाठीपासून सुटतो आणि पायांना मुकतो.

मग आधीच कळणार कसं? एक्स-रेवर कधीकधी मणक्यातलं भोक मोठं झालेलं दिसे. 1920 च्या दशकात सिकार आणि फॉरेस्टिए या फ्रेंच डॉक्टरांनी कण्यात लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल सोडून आतला अडथळा पाहायची युक्ती काढली. पण त्यासाठी मुळात संशय यावा लागे, आणि डंबेल गाठीच्या पुष्कळ रुग्णांना आतल्या भागामुळे काहीच जाणवत नसतं. 1971 मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला. पुढे एमआरआय आला, आणि मज्जारज्जू, गाठ, मधली मान हे सगळं एका चित्रात दिसू लागलं. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच, कुठलंही हत्यार नव्हे.

1978 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आपले डंबेल गाठीचे रुग्ण एकत्र मांडले आणि दोन्ही भाग एकाच बैठकीत काढावेत असं सुचवलं. मेंदू-मणक्याचा सर्जन आतला भाग मोकळा करतो, मग छातीचा सर्जन उरलेली गाठ काढतो. हा क्रम आजही पाळला जातो. छातीच्या खालच्या भागातली गाठ असेल तर आणखी एक सावधगिरी लागते. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी, अ‍ॅडमकिएविचची, साधारण तिथेच आत शिरते, बहुधा डावीकडून.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली ती फार उशिरा. स्टॉकहोमच्या याकोबेउसने 1910 मध्येच छातीत दुर्बीण घातली होती, पण ती क्षयाच्या कामी लागली. व्हिडिओ कॅमेरा जोडला गेल्यावर, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, या गाठीही छोट्या छिद्रांतून निघू लागल्या.

मुलांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्यात न्यूरोब्लास्टोमाचं प्रमाण जास्त आणि त्याचा स्वभाव लहरी. 1927 मध्ये हार्वे कुशिंग आणि वोल्बाक या अमेरिकन डॉक्टरांनी एका मुलाची नोंद केली: मणक्यालगतची त्याची घातक गाठ पुढच्या शस्त्रक्रियेत गँग्लिओन्यूरोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, झालेली आढळली. काही गाठी आपोआप विरतातही. जपानने 1985 पासून देशभरातल्या तान्ह्या बाळांची लघवी तपासून हा आजार आधीच पकडायचा प्रयत्न केला. निदानं वाढली, त्यातली बरीच मुळात उपचार न लागणारी निघाली, आणि 2004 मध्ये ही मोहीम थांबवण्यात आली.

न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा जनुक 1990 मध्ये सापडला. त्यातून पुढे औषधाची वाट निघाली. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, जाळ्यासारख्या पसरलेल्या गाठींसाठी सेल्युमेटिनिब हे औषध अमेरिकेत 2020 मध्ये मुलांसाठी मंजूर झालं. ते गाठ आकसवतं, समूळ नाहीशी करत नाही. या आजाराच्या रुग्णांपैकी 8 ते 13 टक्क्यांना आयुष्यात कधीतरी नसेच्या आवरणाचा कर्करोग होतो. गाठ एकाएकी वाढू लागली किंवा सतत दुखू लागली की पेट स्कॅन (गाठीतल्या पेशी किती सक्रिय आहेत ते दाखवणारा स्कॅन) आणि बायोप्सी करतात. तिथे मुख्य उपचार अजूनही शस्त्रक्रियाच आहे, गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढण्याची. कण्याला चिकटलेल्या जागी नेमकं तेच सर्वांत अवघड जातं.