साहेबांचा मेल आणि बबूनचा कळप

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला साहेबांचा मेल येतो, "सोमवारी सकाळी भेटा, थोडं बोलायचंय." बास, एवढंच. कशाबद्दल ते नाही. झालं, मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, मग काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन, रक्तात साखर वाढते, छाती धडधडते, पचन मागे पडतं. पळून जायची सगळी तयारी झाली, पण पळणार कुठे, बस तर सहा दहाची आहे.

प्रयोगशाळेत माणसाला मुद्दाम टेन्शन द्यायचं असेल तर संशोधक काय करतात माहितीये? जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात एक टेस्ट तयार झाली, १९९३ मध्ये छापून आली आणि आजही सगळीकडे वापरतात. नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलाय असं समजून ५ मिनिटं स्वतःबद्दल बोला, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत या, चुकलात की परत पहिल्यापासून. आणि समोरच्या पॅनेलला ताकीद की चेहरा मख्ख ठेवायचा, हसायचं नाही, मान डोलवायची नाही. एवढ्यावर लोकांचं कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट झालं! पुढे २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा दिसलं की नुसतं काम अवघड असून कॉर्टिसॉल फारसं चढत नाही, पण कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि आपल्या हातात काहीच नाही, हे दोन्ही एकत्र आलं की सगळ्यात जास्त चढतं आणि उतरायलाही वेळ घेतं. म्हणजे अप्रेजलच की हो.

आता हातात काही नसणं म्हणजे काय, ते लंडनच्या सरकारी बाबूंनी दाखवून दिलं. १९६७ पासून तिथल्या साधारण १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात त्याला, मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. तेव्हा सगळ्यांचा समज असा की हार्ट अटॅक मोठ्या साहेबांना येतो, जबाबदारी असते ना बिचाऱ्यांवर. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या ग्रेडवाल्यांमध्ये, म्हणजे शिपाई, दरवान वगैरे, मृत्यूचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं धरलं तरी फरक पूर्ण सुटेना. मग १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, यात बायकाही होत्या, एकूण १०,३०८ जण, आणि त्यात दिसलं की ज्यांना स्वतःच्या कामात काही बोलायची, ठरवायची मुभा कमी त्यांना हृदयविकार जास्त. एचआरवाले बुधवारी योगा ठेवतात, योगाशी माझं भांडण नाही, पण त्याऐवजी सुट्टीचा अर्ज चार प्रश्न न विचारता मंजूर केला तर माझ्या मते बीपी जास्त उतरेल.

आणि हे फक्त माणसांचं नाही. रॉबर्ट सापोल्स्की नावाचे शास्त्रज्ञ केनियात वर्षानुवर्षं बबून माकडांमागे फिरले. बबूनचं खाणंपिणं दिवसातल्या काही तासांत उरकतं, मग उरलेला वेळ काय करायचं, तर एकमेकांना पिडायचं! वरचा मधल्याला चावतो, मधला खालच्याला हाकलतो, आणि सगळ्यात खालच्याचं स्ट्रेस हार्मोन कायम चढलेलं.

पण त्यातल्या एका कळपात भलतंच घडलं. १९८० च्या दशकात तिथले दांडगट नर रोज टुरिस्ट लॉजच्या उकिरड्यावर खाण्यासाठी मारामारी करायला जायचे, तिथल्या खराब मांसातून क्षयरोग झाला आणि ते सगळे मेले. मागे उरले माद्या आणि गरीब स्वभावाचे नर. कळप एकदम शांत झाला, भांडणं कमी, एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचत बसणं जास्त, आणि खालच्या पायरीवरच्यांचं हार्मोनही चढेना. बबूनमध्ये वयात आलेला नर घर सोडून दुसऱ्या कळपात जातो, त्यामुळे दहा वर्षांनी जुना एकही नर उरला नव्हता, सगळे बाहेरून आलेले, तरी वातावरण तसंच! नवखे नर इथे आले की हळूहळू इथल्यासारखेच वागायला लागायचे. कोणी इंडक्शन ट्रेनिंग दिलं नव्हतं, फक्त इथल्या माद्या नवीन आलेल्याला इतर कळपांपेक्षा खूप लवकर जवळ घेऊन त्याच्या उवा वेचायच्या. आपल्याकडे नवीन माणसाला पहिले दोन आठवडे लॅपटॉपसुद्धा मिळत नाही.