वर्षा बंगल्यावरचे बदल: सत्ताधारी पक्षातल्या भांडणांची पन्नास वर्षे

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर पाच वर्षांची मुदत सलग पूर्ण करणारे दोनच जण झाले: वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. नाईकांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये पद सोडले, फडणवीसांची ती मुदत २०१४ ते २०१९ ची. मधल्या जवळपास चाळीस वर्षांत जे जे मलबार हिलवरच्या ‘वर्षा’ बंगल्यात राहायला आले, त्यांतल्या बऱ्याच जणांना सामान आवरायला लावले ते विरोधकांनी नव्हे, त्यांच्याच पक्षाने. त्यामुळे सत्ताधारी पक्षात आज कुठे नाराजीची बैठक झाली, कुणी दिल्लीचे विमान पकडले, अशी बातमी आली की ती नवी वाटत नाही. पण या बातम्यांमध्ये एक गोष्ट नेहमी निसटते. कोण गेला आणि कोण आला हे लिहिले जाते. त्या काळात मुंबईचे काय झाले हे लिहायचे राहून जाते.

सुरुवात नाईकांच्या जाण्यापासून करावी लागते. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तरी राज्यातल्या काँग्रेसची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. त्यांच्या जागी आलेल्या मारोतराव कन्नमवारांचे वर्षभरातच निधन झाले आणि डिसेंबर १९६३ मध्ये नाईक आले. विदर्भातले, बंजारा समाजातले, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारांच्या गटातटांबाहेरचे. कोणत्याच गटाचे नसल्यामुळे ते सगळ्या गटांना चालले आणि अकरा वर्षे टिकले. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. एवढे बहुमत असताना तीन वर्षांच्या आत मुख्यमंत्री बदलला गेला, आणि तो बदलण्याचा निर्णय मुंबईत झाला नव्हता. राज्याराज्यांतले स्वतःच्या पायावर उभे असलेले नेते इंदिरा गांधींना नको होते. यशवंतरावांच्या छायेतला महाराष्ट्र त्यात पहिल्या रांगेत होता.

इथून पुढे रूढ झाली ती नेतानिवडीची दिल्ली पद्धत. तिचे तपशील मुंबईतल्या जुन्या पत्रकारांना तोंडपाठ आहेत. सकाळच्या विमानाने पक्षाचे निरीक्षक येतात. आमदारांना एकेकटे आत बोलावून मत विचारले जाते, त्याची नोंद बाहेर येत नाही. मग विधिमंडळ पक्षाची बैठक बसते आणि एका ओळीचा ठराव मांडला जातो: नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. हात वर होतात, टाळ्या वाजतात. नाव त्यानंतर फोनवरून येते, आणि कधीकधी ज्याचे नाव येते त्यालाही आदल्या रात्रीपर्यंत कल्पना नसते. अशा मुख्यमंत्र्याला आमदारांनी निवडलेले नसते, त्यामुळे त्याला टिकवण्याची जबाबदारी आमदारांना आपली वाटत नाही. शपथविधीच्या दुसऱ्या दिवसापासून असंतुष्टांची शिष्टमंडळे दिल्लीला जाऊ लागतात, कारण ज्याने नेमले तोच काढू शकतो हे सगळ्यांना माहीत असते. पक्षश्रेष्ठींनाही हे सोयीचे असायचे. मुख्यमंत्री आणि प्रदेशाध्यक्ष परस्परविरोधी गटांतले ठेवले की दोघांनाही न्याय मागायला दिल्लीच गाठावी लागते.

शंकरराव चव्हाण या पद्धतीने आलेले पहिले. शिस्तीचे, कडक, लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. त्यांच्या काळात वसंतदादा पाटलांना मंत्रिमंडळाबाहेर पडावे लागले, आणि १९७७ च्या लोकसभा पराभवानंतर तेच वसंतदादा त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या विधानसभेत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी फुटलेल्या दोन काँग्रेस जनता पक्षाला रोखण्यासाठी एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्याचे हे पहिले उपमुख्यमंत्रिपद, आणि ते जन्माला आले अविश्वासातून. तिरपुडे सरकारात बसून यशवंतराव आणि वसंतदादांवर उघड टीका करत. जुलैमध्ये, विधिमंडळाचे अधिवेशन चालू असतानाच, शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे यांनी मंत्रिपदांचे राजीनामे दिले आणि सरकार कोसळले. १८ जुलै १९७८ ला सदतीस वर्षांचे पवार जनता पक्षाला सोबत घेऊन बनलेल्या पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. विधानसभा तेव्हा रीगल सिनेमाजवळच्या जुन्या इमारतीत भरत असे. आज तिथे पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप महाराष्ट्रात आजही दर फुटीनंतर होतो, त्याची सुरुवात त्या अधिवेशनातली.

१९८० मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतल्या, पवारांचे सरकार बरखास्त झाले, निवडणूक झाली आणि अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. पुढची दोन-तीन वर्षे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटतात, म्हणून तिथे थोडे थांबतो.

अंतुले धडाक्याचे प्रशासक होते, निर्णय झटपट घेत. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते आणि बांधकाम व्यावसायिकांना ते कोट्याने मिळे. कोट्याच्या बदल्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना देणग्या घेतल्याचे प्रकरण १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल अंतुलेंच्या विरोधात गेला. त्यांनी राजीनामा दिला. मग दिल्लीत नाव ठरण्याची वाट पाहणे सुरू झाले. आठवडाभराने नाव आले बाबासाहेब भोसले यांचे. मुंबईतल्या नेहरूनगरचे आमदार, पण राज्यभर पाठीशी असा गट नाही.

आता त्याच आठवड्यात लालबाग-परळमध्ये काय चालले होते ते पाहा. १८ जानेवारी १९८२ ला, म्हणजे जुने सरकार गेलेले आणि नव्याची शपथ व्हायची असताना, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या, बोनसच्या होत्या, पण मूळ दुखणे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होते. त्या कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, म्हणजे काँग्रेसच्याच कामगार आघाडीची. सामंतांशी बोलायचे तर स्वपक्षाच्या संघटनेला मोडीत काढावे लागत होते. एवढा मोठा निर्णय पक्षात वजन असलेल्या मुख्यमंत्र्यालाही अवघड गेला असता. भोसले यांना तर स्वतःच्याच आमदारांची खात्री नव्हती. संप चिघळण्याची कारणे अनेक होती. गिरणीमालक, केंद्र सरकार, खुद्द सामंतांचा ताठरपणा, सगळे त्यात आहेत. पण सरकारच्या बाजूने टेबलावर बसून शब्द देऊ शकेल आणि तो पाळून घेऊ शकेल असा माणूसच राज्यात नव्हता, हे विसरून तो संप समजत नाही. तो कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले. पोलीस संघटनेच्या नेत्यांना रातोरात अटक झाली आणि १८ ऑगस्टला वरळी, नायगावच्या पोलीस वसाहतींमधून शिपाई बाहेर पडले. दगडफेक, जाळपोळ झाली, गिरणी कामगारही त्यात मिसळले, लष्कर बोलवावे लागले. एकाच वर्षात शहराचा कामगार आणि शहराचा शिपाई दोघेही सरकारच्या हाताबाहेर गेले होते, आणि सत्ताधारी पक्षात चर्चा होती भोसले किती दिवस टिकणार याची. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते गेले, वसंतदादा पुन्हा आले.

वसंतदादांची ही कारकीर्द मुंबईच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवी. मुंबईची काँग्रेस प्रदेश काँग्रेसपासून पहिल्यापासून वेगळी. स. का. पाटलांच्या काळापासून शहराचा पक्ष, त्याचा निधी, त्याची माणसे स्वतंत्र, आणि उर्वरित महाराष्ट्रातून आलेल्या मुख्यमंत्र्यांशी त्यांचे क्वचितच जमले. १९८५ च्या महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, मुंबई काँग्रेस मुरली देवरांच्या हाती असताना, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव असल्याचे विधान वसंतदादांनी केले. खुद्द काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याने हे म्हटल्यावर शिवसेनेला प्रचारासाठी वेगळा मुद्दा शोधावा लागला नाही. शिवसेनेने महापालिका जिंकली, छगन भुजबळ महापौर झाले. दादांनी हे देवरांना धडा शिकवायला केले की मनापासून, यावर मतभेद आहेत. विधानाचा परिणाम मात्र कुणाला नाकारता येत नाही. एरवी गिरणगावातला जो तरुण संपानंतर बेकार बसला होता, त्याच्या घरी काँग्रेसचे कुणी फिरकत नव्हते. शाखा मात्र चाळीच्या तोंडाशीच होती.

त्याच १९८५ मध्ये राजीव गांधींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केले आणि वसंतदादांनी जूनमध्ये राजीनामा दिला. शिवाजीराव पाटील निलंगेकर आले आणि मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणवाढ प्रकरणात न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर नऊ महिन्यांत गेले. मार्च १९८६ मध्ये शंकरराव दुसऱ्यांदा, डिसेंबरात पवार काँग्रेसमध्ये परत, जून १९८८ मध्ये पवार मुख्यमंत्री. एका विधानसभेत चार मुख्यमंत्री. १९९० मध्ये काँग्रेस १४१ वर थांबली, बहुमताला चार कमी. १९९१ च्या सुरुवातीला विलासराव देशमुखांसह काही मंत्र्यांनी पवारांविरुद्ध बंड केले, ते फसले, पण जूनमध्ये पवार केंद्रात गेलेच आणि सुधाकरराव नाईक आले. ते पवारांनीच पुढे केलेले. मात्र काही महिन्यांतच दोघांत दुरावा आला आणि काँग्रेसचे आमदार पवारांचे आणि नाईकांचे असे मोजले जाऊ लागले.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली तेव्हा पक्षाची ही स्थिती होती. जानेवारीत दंगलीचा दुसरा, अधिक भीषण टप्पा आला. दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मेली. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात दुबळे राजकीय नेतृत्व, राजकीय कारणांसाठी केलेली चालढकल आणि पोलीस आयुक्तांना दिलेले परस्परविरोधी आदेश यांवर स्पष्ट बोट ठेवले. लष्कराच्या प्रभावी वापराचा आदेश देण्यात ६ ते १० जानेवारी हे चार मोलाचे दिवस गेले, असेही नोंदवले. त्या चार दिवसांत जोगेश्वरीपासून डोंगरीपर्यंत लोक रात्री गच्च्यांवर पहारे देत होते. दंगलीला जबाबदार असलेल्यांची यादी मोठी आहे, आणि आयोगाने शिवसेनेच्या भूमिकेवर कठोर शब्दांत लिहिले आहे. तरी राज्य ज्यांच्या हाती होते त्यांचे लक्ष एकमेकांवर होते, या गोष्टीचा मला आजही राग येतो. ६ मार्च १९९३ ला नाईकांच्या जागी पवार आले. १२ मार्चला बारा-तेरा स्फोट झाले, २५७ जण गेले.

१९९५ मध्ये काँग्रेस ८० वर आली. निवडून आलेल्या ४५ अपक्षांपैकी अनेक काँग्रेसचेच बंडखोर होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी शिवसेना-भाजप युतीच्या सरकारला पाठिंबा दिला. युतीतही मुदत संपायला वर्षभराहून थोडाच अधिक काळ उरला असताना मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आले. नंतरच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पंधरा वर्षांत देशमुख, शिंदे, पुन्हा देशमुख, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण. यांतली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: २००४ ची निवडणूक सुशीलकुमार शिंदेंच्या नेतृत्वाखाली जिंकली गेली, राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, आणि तरी मुख्यमंत्री झाले विलासराव.

शिवसेनेची गोष्ट वरवर वेगळी दिसते. तिथे दिल्ली नव्हती, मातोश्री होती. पण नेता ठरवणारी जागा आमदारांच्या बैठकीबाहेर असणे हे दोन्हीकडे सारखेच. भुजबळ डिसेंबर १९९१ मध्ये फुटले तेव्हा पक्षांतरबंदी कायदा सहा वर्षांचा होता आणि एक तृतीयांश आमदार सोबत असले की फूट वैध ठरत असे. ५२ आमदारांच्या पक्षात हा हिशेब १८ वर जात होता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशची ही वाट बंद केली. राहिली ती दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची. फूट थांबली नाही, तिची भाषा बदलली. २० जून २०२२ ला विधान परिषदेचे मतदान झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतला, तिथून गुवाहाटीला गेले. ५५ पैकी सुमारे ४० त्यांच्याकडे जमले. त्यांनी ‘आम्ही वेगळे झालो’ असे म्हटलेच नाही, ‘मूळ पक्ष आम्हीच’ असे म्हटले. २२ तारखेला उद्धव ठाकरे ‘वर्षा’ सोडून मातोश्रीवर परतले, २९ ला त्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे म्हटले, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही असेही सांगितले. त्याआधीच, फेब्रुवारीत, निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदेंना दिला होता. जुलै २०२३ मध्ये अजित पवारांनी राष्ट्रवादीत तोच मार्ग धरला.

मुंबई महापालिकेची मुदत या साऱ्याच्या आधी, मार्च २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्याने निवडणूक लांबली. ठाकरे सरकारने प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ केली होती, शिंदे सरकारने ती ऑगस्टमध्ये पुन्हा २२७ वर आणली आणि तोही वाद न्यायालयात गेला. तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासक पाहत होते. गटार तुंबले, पाणी गढूळ आले की मुंबईकराने जायचे कुणाकडे, तर माजी नगरसेवकाकडे. आणि तो माजी नगरसेवक आता नक्की कोणत्या शिवसेनेत आहे, हे आधी विचारून घ्यावे लागत होते.